एप्रिल संपता संपता परत येणारी काळी दाढी

माशांच्या टँकमध्ये वाढवलेल्या अनुबियास या रोपाच्या जुन्या पानांच्या कडेला काळसर केसांचे आखूड झुबके दिसायला लागतात. आधी एखाद-दुसरा, मग ड्रिफ्टवुडवर, मग फिल्टरच्या पाइपच्या तोंडाशी. नखाने खरवडलं तर पान फाटतं, पण झुबका जागचा हलत नाही. हौशी मंडळी याला बीबीए म्हणतात, म्हणजे ब्लॅक बिअर्ड अल्गी, एक प्रकारचं शेवाळ. आमच्या घरात हिचं नाव काळी दाढी. माझ्या टँकमध्ये ती सलग तीन वर्षं आली, आणि तिन्ही वर्षं एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. पहिली दोन वर्षं मी तिच्या मागे लागले, दरवेळी जुलैपर्यंत नवे झुबके येणं थांबलं, आणि दरवेळी मला वाटलं की माझ्या औषधाला यश आलं. खरं तर पाऊस पडून पाणी गार झालं होतं, एवढंच. ते कळायला तिसरा उन्हाळा उजाडला.

मी मुलुंडला राहते. टँक तीन बाय दीड बाय दीड फुटांचा, माती, दगड, लाकूड वजा जाता साधारण १५० लिटर पाणी. रोपांसाठी सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, कॅनिस्टर फिल्टर, वर एलईडी. रोपांत रोटाला, तीन प्रकारच्या क्रिप्टोकोरीन, जावा फर्न आणि लाकडाला बांधलेल्या अनुबियास. मासे लहानच: रासबोरा, कोरीडोरास, चार-पाच ओटो. थंडीत हा टँक इतका हिरवा होतो की मागची काच दिसत नाही. म्हणून तर एप्रिलमध्ये तो काळवंडायला लागला की जीव तुटतो.

आधी शेवाळ नक्की कोणतं ते ओळखा. नव्या टँकमध्ये काचेवर तपकिरी भुकटीसारखा थर बसतो, तो दोन महिन्यांत आपोआप जातो. मातीवर निळसर-हिरवी, बुळबुळीत चादर पसरली आणि तिला कुबट वास आला तर ते सायनोबॅक्टेरिया, त्याची गोष्टच निराळी. काळ्या दाढीची खात्री करायची सोपी रीत म्हणजे एखादं खराब पान तोडून केमिस्टकडच्या सर्जिकल स्पिरिटमध्ये काही तास बुडवून ठेवायचं. हिरवं रंगद्रव्य स्पिरिटमध्ये उतरतं आणि झुबका लालसर दिसायला लागतो, कारण हे शेवाळ दिसायला काळं असलं तरी कुळाने तांबडं आहे. हरणाच्या शिंगांसारखं फाटे फुटलेलं करडं शेवाळ असेल तर तेही याच कुळातलं, आणि पुढे लिहिलं आहे ते त्यालाही लागू पडतं.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत मी जे केलं ते बहुतेक जण करतात. तीन दिवस टँक चादरीने झाकून अंधार केला. खत बंद केलं, विशेषतः फॉस्फेट, कारण ‘शेवाळाला खत मिळतं म्हणून ते वाढतं’ असं कोणीतरी सांगितलं होतं. हा सल्ला रोपांनी भरलेल्या टँकला घातक आहे. उपासमार आधी रोपांची होते, त्यांची जुनी पानं मरायला लागतात, आणि काळ्या दाढीला मरतुकडं पान फार आवडतं. माझ्या रोटालाचे शेंडे आखडले आणि शेवाळ वाढलं. खत पुन्हा सुरू केल्यावर रोटाला सावरली.

खताचं निघालंच आहे तर सांगते: आपल्याकडे महागड्या बाटल्यांची गरज नाही. द्राक्षबागायतदार वापरतात ती १३:०:४५ आणि ०:५२:३४ ही विद्राव्य खतं म्हणजे साधी पोटॅशियम नायट्रेट आणि मोनोपोटॅशियम फॉस्फेट. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम १३:०:४५ टाकलं की नायट्रेट सुमारे ६ पीपीएमने (म्हणजे लिटरमागे ६ मिलिग्रॅमने) वाढतं, आणि तेवढ्याच ०:५२:३४ ने फॉस्फेट सुमारे ७ पीपीएमने. मात्र शेजारच्याच गोणीतलं १९:१९:१९ किंवा १२:६१:० चुकूनही टँकमध्ये घालू नका. त्यांत अमोनियम असतं, १९:१९:१९ मध्ये युरियाही. मासे मरतील.

तिसऱ्या वर्षी मी औषध आणायच्या आधी एक रविवार मोजण्यात घालवला. माझ्या वहीत जानेवारीतल्या एका रविवारचे आकडे होते, म्हणून तुलना करता आली. दिवा दुपारी २ ते रात्री ९ असतो, सीओटू दुपारी १२ ला सुरू होतो. पाण्यात सीओटू विरघळला की पीएच उतरतो. जानेवारीत सकाळी पीएच ७.३ होता आणि दिवा लागेपर्यंत ६.३ वर आला होता. पालिकेच्या पाण्याचा केएच, म्हणजे त्यातल्या बायकार्बोनेटचं माप, माझ्याकडे २ येतं. त्या हिशेबाने ६.३ म्हणजे पाण्यात सुमारे ३० पीपीएम सीओटू. रोपांना हवा तेवढा. एप्रिलच्या त्या रविवारी दिवा लागला तेव्हा पीएच ६.८ होता. संध्याकाळी पाचला कसाबसा ६.६ झाला, त्याच्या खाली गेलाच नाही.

हा फरक वहीत लहान दिसतो, पण पीएच ०.३ ने वर गेला की सीओटू निम्मा होतो. ६.८ म्हणजे जेमतेम ९-१० पीपीएम. दिवा पूर्ण तेजात, पाणी ३१ अंशांवर, गरम पाण्यात रोपांची भूक वाढलेली, आणि ताटात तिसरा हिस्सा. शिवाय हा हिस्सा दिवसभर वरखाली होणारा. रोप स्वतःचं यंत्र कमी-जास्त सीओटूला जुळवून घेतं, पण त्याला दिवस लागतात, आठवडेही लागतात. रोज वेगळं मिळालं तर ते कधीच जुळत नाही. अशा रोपाचं जुनं पान हीच काळ्या दाढीची जागा. अनुबियास आणि जावा फर्न मुळात संथ वाढणाऱ्या, एकेक पान वर्षभर टिकवणाऱ्या, म्हणून पहिली खूण त्यांच्यावरच दिसते.

सिलिंडरमधून येणारा सीओटू मोजायच्या बबल काउंटरमध्ये बुडबुडे मात्र तेवढेच होते, सेकंदाला दोन. सिलिंडर भरलेला. सीओटू बारीक बुडबुड्यांनी पाण्यात सोडणाऱ्या डिफ्यूजरची चकती दोन आठवड्यांपूर्वी धुतलेली. साबणाचं पाणी लावून सांधे तपासले, गळती नव्हती. मग गेला कुठे सीओटू?

वहीची पानं मागे उलटल्यावर उत्तर सापडलं. ते मीच माझ्या हाताने लिहिलं होतं. १० एप्रिल: पाणी ३१ च्या वर, कडेला दोन छोटे पंखे लावले. १४ एप्रिल: सकाळी रासबोरा वर येऊन धापा टाकत होते, स्प्रे बार (फिल्टरचं पाणी टँकमध्ये परत सोडणारी नळी) वर उचलला, आता पृष्ठभागावर छान लाटा येतात. त्याखाली कुठेही लिहिलं नव्हतं, पण काचेवरच्या खुणेवरून दिसत होतं: पंख्यांमुळे पाणी रोज दोन-अडीच लिटर उडत होतं. माझ्या टँकच्या पृष्ठभागावर एक सेंटिमीटर म्हणजे चार लिटरच्या आसपास. मी पाणी आठवड्यातून एकदा, बदलायच्या दिवशीच भरत होते. म्हणजे शुक्रवार-शनिवारपर्यंत पातळी साडेतीन-चार सेंटिमीटर खाली जायची आणि आधीच वर उचललेला स्प्रे बार धबधब्यासारखा पडायला लागायचा.

पाण्याचा पृष्ठभाग जितका ढवळला जाईल तितका ऑक्सिजन आत येतो आणि तितकाच सीओटू बाहेर जातो. माशांसाठी केलेले दोन्ही उपाय रोपांच्या ताटातून काढून घेत होते. उन्हाळ्याचा खरा पेच हाच आहे. २५ अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम मावतो, ३१ अंशांना ७.४. मासे, जिवाणू, रोपं सगळ्यांचा श्वास मात्र गरम पाण्यात वाढतो. तेव्हा हवा द्यावीच लागते. प्रश्न फक्त कधी द्यायची याचा आहे.

खात्रीसाठी दोन दिवस पंखे बंद ठेवून स्प्रे बार पाण्याखाली घेतला. बुडबुडे तेच. दुसऱ्या दिवशी दिवा लागताना पीएच ६.४. चोर सापडला. (हा प्रयोग करताना घरात कोणीतरी टँकवर नजर ठेवा. माशांना दम लागला तर तो तिथेच थांबवा.)

त्यानंतर बसवलेली घडी अशी, आणि यातलं सर्वांत मोलाचं मी पहिलं लिहिते. हवा आता फक्त रात्री देते. दिवा चालू असताना निरोगी रोपं स्वतःच इतका ऑक्सिजन सोडतात की पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसतात, तेव्हा वेगळी हवा लागत नाही. दिवा बंद झाल्यावर मात्र रोपंही ऑक्सिजन खायला लागतात आणि पहाटे तो सर्वांत कमी असतो. रासबोरा सकाळी का धापा टाकत होते ते यावरून कळलं. म्हणून एक साधा एअर पंप टायमरवर लावला: रात्री ९ ला सुरू, सकाळी ११ ला बंद. स्प्रे बार कायमचा पाण्याखाली, पृष्ठभाग नुसता थरथरेल इतकाच. सीओटू उन्हाळ्यात दिव्याच्या तीन तास आधी, म्हणजे ११ ला सुरू करते आणि दिव्याच्या तासभर आधी बंद करते.

बुडबुडे वाढवायचे असतील तर एका दिवसात थोडेच वाढवा आणि त्या दिवशी घरी राहा. पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारा ड्रॉप चेकर दीड-दोन तास मागे असतो. तो पोपटी दिसत असताना पाण्यातला सीओटू पुढे गेलेला असू शकतो. त्यात टँकचं पाणी घालू नका, ४ केएचचं तयार द्रावणच घाला, नाहीतर रंगाला काही अर्थ उरत नाही. आणि चेकर काहीही सांगो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की तत्क्षणी सीओटू बंद, एअर पंप सुरू. माशापेक्षा मोठा मीटर नाही.

पंखे पूर्ण काढले नाहीत. त्यांना तापमानाचा छोटा कंट्रोलर लावला, २९.५ च्या वर गेलं तरच फिरतात. खरं सांगायचं तर मुंबईत पंख्याचा फायदा मर्यादितच आहे. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं आणि तितकंच गार होतं. आपल्या दमट हवेत मला दीड-दोन अंशांपलीकडे कधी मिळालेलं नाही. पुण्यातल्या एका मैत्रिणीला तसाच पंखा मे महिन्यात याहून बराच जास्त फरक दाखवतो. चिलर परवडत असेल तर उत्तमच, माझ्याकडे नाही.

पातळीसाठी काचेवर बाहेरून टेपची पट्टी लावली आणि रोज सकाळी तिथपर्यंत पाणी भरायचं ठरवलं. इथे एक नवा गुंता झाला. हे काम बाबांनी आपणहून घेतलं आणि महिनाभर न चुकता केलं. मेअखेरीस क्रिप्टची, म्हणजे क्रिप्टोकोरीनची, पानं काचेसारखी पारदर्शक होऊन वितळायला लागली. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घातला तर ३४०, एरवी माझ्या टँकमध्ये तो १५० च्या आसपास असतो. बाबा स्वयंपाकघरातल्या आरओच्या बाहेर सोडलेल्या पाण्याची बादली वापरत होते. ते पाणी एरवी लादी पुसायला ठेवतो, ते फुकट जाऊ नये म्हणून. पण आरओने गाळून टाकलेले सगळे क्षार त्याच बादलीत असतात. आणि टँकमधून जे उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. म्हणून रोजची भर घालायला आरओचं शुद्ध पाणी वापरा, आणि आठवड्याच्या बदलाला नळाचं. बाबांना मी मीटर दाखवला. आता ते स्वतः तपासून भरतात.

वितळलेली क्रिप्ट उपटू नका. पानं कापून टाका, मुळं जिवंत असतात. पाणी स्थिर झालं की तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात. माझी सगळी परत आली.

नळाच्या पाण्याचाही उन्हाळ्यात भरवसा नसतो. भातसा, तानसा, वैतरणा यांसारख्या तलावांतून येणारं पालिकेचं पाणी पावसाचं, म्हणून मऊ. माझ्याकडे त्याचा टीडीएस ८० च्या आसपास येतो, आणि रोपांना असं पाणी मानवतं. पण मे-जूनमध्ये तलाव आटले, पाणीकपात लागली की सोसायट्या टँकर मागवतात किंवा बोअरवेल सुरू करतात, आणि ते सगळं एकाच टाकीत मिसळतं. नळ तोच, पाणी वेगळं. पाणी बदलायच्या आधी बादलीत मीटर बुडवा. नेहमीच्या दुपटीहून जास्त आलं तर त्या आठवड्यात बदल पुढे ढकला किंवा निम्मं आरओचं मिसळा.

ज्यांच्याकडे पीएच ठरवलेल्या आकड्यावर येईपर्यंत सीओटू सोडणारा पीएच कंट्रोलर आहे त्यांच्यासाठी ही बाब जिवावरची आहे. सीओटूचा अंदाज पीएच आणि केएच या दोन्हींवरून निघतो. केएच २ असताना पीएच ६.३ म्हणजे ३० पीपीएम. टँकरच्या पाण्याने केएच ६ झाला आणि कंट्रोलर मात्र ६.३ वरच ठेवलेला असेल, तर तो पीएच तिथवर आणायला ९० पीपीएम सीओटू सोडत राहील. मासे एका दुपारीत जातील. मे-जूनमध्ये दर पाणीबदलानंतर केएच मोजा, किंवा कंट्रोलर काढून साधा टायमर लावा. मी टायमरच वापरते.

आता जे झुबके आधीच आले आहेत त्यांचं काय? कारण दूर केल्यावर नवे येत नाहीत, जुने मात्र आपोआप पडत नाहीत. खूप माखलेलं पान सरळ कापा, ते वाचवण्यात अर्थ नाही. दगड, लाकूड, पाइप यांच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: बाहेरच्या देशांतल्या लोकांनी सांगितलेलं प्रमाण बहुधा ३ टक्क्यांच्या बाटलीचं असतं, आपल्या केमिस्टकडे सर्रास मिळते ती ६ टक्क्यांची. आधी तितक्याच पाण्यात मिसळून ते ३ टक्के करा. मग फिल्टर बंद करून सिरिंजने झुबक्यावर हळूहळू सोडा, दहा मिनिटं थांबा आणि फिल्टर सुरू करा. ५ लिटरला १ मिलिपेक्षा जास्त एका दिवसात मी घालत नाही, म्हणजे माझ्या टँकला ३० मिलि. दोन-तीन दिवसांत झुबके गुलाबी-लाल होतात, मग फिकट पडतात, आणि अमानो कोळंबी ते आवडीने खातात. मॉसवर मात्र पेरॉक्साइड नको, ते जळतं.

‘लिक्विड कार्बन’ नावाने मिळतं ते बहुधा ग्लुटाराल्डिहाइड असतं. शेवाळ मरतं हे खरं, पण व्हॅलिस्नेरिया आणि मॉस यांनाही ते मारक ठरतं, आणि आपल्या श्वासालाही ते चांगलं नाही. माझ्याकडे एक बाटली आहे, उघडताना हातमोजे घालते, खिडकी उघडते, आणि क्वचितच वापरते.

माशाने प्रश्न सुटावा असं वाटत असेल तर सायमीज अल्गी ईटर हा काळी दाढी खाणारा मासा खरा. पण कुर्ल्याला काय किंवा क्रॉफर्ड मार्केटात काय, त्या नावाखाली दुसरेच मासे हातात पडू शकतात. खऱ्याची काळी पट्टी शेपटीच्या टोकापर्यंत जाते आणि पंख पारदर्शक असतात. तो चार-पाच इंचांचा होतो, दोन फुटी टँकला आणू नका. शिवाय मोठा झाल्यावर त्याला तयार खाणं जास्त आवडायला लागतं.

सिलिंडर नसलेल्यांना एक प्रामाणिक सल्ला. दोन बाटल्यांत लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा घालून सीओटू करता येतो, मीही त्यानेच सुरुवात केली. पण दाब कमी-जास्त होतो, उन्हाळ्यात तर फारच, आणि वर सांगितलेला सगळा त्रास त्या चढउतारातूनच येतो. त्यापेक्षा सीओटू अजिबात न देता दिवा कमी ठेवलेला टँक चांगला. क्रिप्ट, अनुबियास, जावा फर्न त्यात सुंदर वाढतात, फक्त सावकाश. एप्रिल ते जून दिवा सहा तासांवर आणा आणि तेज कमी करता येत असेल तर ७० टक्के करा. हे मी सिलिंडर असूनही करते. उजेड कमी तर भूक कमी. याला एक पैसाही लागत नाही आणि फरक दोन आठवड्यांत दिसतो.

उरलेल्या ऋतूंबद्दल थोडक्यात. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं की क्लोरीनचा वास जास्त येतो, तेव्हा डिक्लोरिनेटर विसरू नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखे पुन्हा लागतात, म्हणजे वरचा सगळा खेळ पुन्हा एकदा, पंधरा-वीस दिवसांपुरता. आणि दक्षिणेकडची खिडकी असेल तर डिसेंबर-जानेवारीत सूर्य खाली आल्याने ऊन खोलीत खोलवर येतं. मे महिन्यात ज्या टँकवर ऊन पडत नाही त्याच्यावर ते थंडीत पडू शकतं. पडदा लावा.

या वर्षी २ मे रोजी स्प्रे बारच्या तोंडाशी एक झुबका दिसला. आम्ही सगळे चार दिवस गावी गेलो होतो आणि पाणी भरायला कोणी नव्हतं. पातळी पट्टीच्या दोन बोटं खाली होती. बाबांनी पाणी भरलं, मी पाइप काढून ब्रशने घासला. आज २० तारीख आहे आणि अनुबियासची पानं अजून स्वच्छ आहेत.